माझ्याच पडद्यावर नव्याची निवड

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. एवढे एक वाक्य मला ठामपणे सांगता येते. त्यापुढे जे घडले ते मला नीट उमगले आहे असे म्हणवत नाही. म्हणून जसे घडले तसे सांगतो. तुम्हाला काही उलगडा झाला तर चांगलेच.

माझा जन्म एका लहानशा दुकानात झाला. जन्म म्हणजे जोडणी. माझे अवयव वेगवेगळ्या खोक्यांत पडले होते आणि चष्मा कपाळावर चढवलेल्या एका माणसाने शीळ घालत ते एकमेकांत बसवले. शेवटचा स्क्रू पिळून त्याने बटण दाबले, माझा पंखा फिरला आणि आपण आहोत हे मला कळले.

ज्या घरी मी आलो, तिथल्या बाई शाळेत भूगोल शिकवत. शेजारपाजार सगळा त्यांना 'बाई'च म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिचे नाव शाळेच्या दप्तरात काहीही असो, घरात ती बबडी. तिचे वडील लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे वस्ताद म्हणत. माझा आणि वस्तादांचा संबंध फारसा येत नसे. गाडीवरून आले की माझ्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि अंघोळीला जायचे, एवढाच काय तो आमचा व्यवहार.

बाईंच्या प्रश्नपत्रिका मी लिहिल्या. बबडीचे प्रकल्प केले, नकाशे रंगवले, तिच्या परीक्षेचे निकालही मीच उघडून दाखवले. "आमचा कॉम्प्युटर कधी दगा देत नाही," असे बाई आल्यागेल्याला सांगत, तेव्हा माझा पंखा उगाचच थोडा जोरात फिरे. पुढे बबडीने लॅपटॉप घेतला. ती एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला लागली. बाई निवृत्त झाल्या. माझ्यावर एक जुनी चादर आली. चादरीखाली दिवस आणि रात्र सारखेच असतात, त्यामुळे ती किती काळ होती हे मला सांगता येणार नाही.

चादरीखालून फक्त आवाज ऐकू येत. त्यातूनच मला कळले की वस्तादांच्या डाव्या डोळ्यापुढे एका सकाळी काळा पडदा आला. डॉक्टरांनी उपाय केले, पण त्या डोळ्याची नजर परतली नाही. उजवा डोळा शाबूत होता. पण अंतराचा अचूक अंदाज यायला दोन डोळे लागतात, तेव्हा प्रवाशांनी भरलेली गाडी आता त्यांच्या हाती देता येणार नाही, असे वरून सांगण्यात आले. डेपोत त्यांना टेबलावरचे काम मिळाले. ते त्यांनी थोडे दिवस केले आणि सोडले. आपली गाडी दुसरा कुणी बाहेर काढतोय, हे खिडकीतून त्यांना बघवेना.

त्यानंतर घरातला एक आवाज हळूहळू कमी होत गेला.

"चहा टाकू का?" बाई विचारत.

"हं."

"पाय मोकळे करून येता का जरा?"

"हं."

पण दार उघडल्याचा आवाज काही येत नसे.

एके दिवशी अचानक माझ्यावरची चादर निघाली. समोर बबडी होती. तिच्या हातात स्टिअरिंग आणि खाली ठेवायचे पेडल होते. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी ते वापरत नाही म्हणून देऊन टाकले होते. तिने ते मला जोडले, बस चालवण्याचा एक गेम माझ्यात भरला आणि वडिलांना हाताला धरून खुर्चीत बसवले.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. रस्ता दिसला, झाडे दिसली, मग झाडे तिथेच थांबली आणि बस पुढे गेली. माझा पंखा किंचाळू लागला. अंग इतके तापले की मला वाटले आता काही खरे नाही. वस्तादांनी मात्र स्टिअरिंग सोडले नाही. ते म्हणाले, "चढावर दम टाकतोय हा. इंजिन लहान पडतंय."

बाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात थांबल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून पूर्ण वाक्य निघाले होते. ते माझ्या नालायकीबद्दल होते, पण घरात सगळ्यांना त्याचा आनंद झाला. मला आनंद व्हावा की वाईट वाटावे, हे मला तेव्हाही ठरवता आले नाही.

"बाबा, मोठा कॉम्प्युटर घेऊ या," बबडी म्हणाली. "गेमसाठीचाच, तगडा. आणि तुम्ही गाडी चालवत असताना कंडक्टरकाका त्यांच्या घरी बसून बघू शकतील. त्याला स्ट्रीमिंग म्हणतात. तुम्ही बोललात तर त्यांना ऐकू जाईल, त्यांनी काही लिहिलं तर तुम्हाला दिसेल."

कंडक्टरकाका म्हणजे वस्तादांच्या गाडीवर वर्षानुवर्षे असलेले कंडक्टर. आता ते दूरच्या गावी मुलाकडे राहायला गेले होते.

"म्हणजे तो शेजारी बसल्यासारखा?" वस्तादांनी विचारले.

"तसंच काहीसं."

"बघू," वस्ताद म्हणाले. त्यांच्या 'हं'पेक्षा हे पुष्कळच होते.

आणि इथून गोंधळाला सुरुवात झाली. नवा कॉम्प्युटर कसा असावा याचा शोध माझ्यावरच घेतला जाऊ लागला. माझ्याच पडद्यावर मी त्याचे सुटे भाग दाखवत होतो. चकचकीत प्रोसेसर, रंगीत दिव्यांचे पंखे, पाण्याने थंड होणारी यंत्रे. एखाद्याला स्वतःच्या जागी येणाऱ्या माणसाच्या मुलाखती घ्यायला बसवावे, तसे माझे झाले. चित्रे उघडायला मला वेळ लागे, तेव्हा बबडी म्हणे, "बघा ना, म्हणूनच नवा हवाय."

ज्या तज्ज्ञांचे व्हिडिओ बापलेक बघत, ते एकमेकांशी अजिबात सहमत नव्हते. एक सांगे, प्रोसेसरवर खर्च करा. दुसरा सांगे, प्रोसेसर साधा चालेल, सगळा जोर ग्राफिक्स कार्डवर द्या. तिसरा दोघांना हसे. वस्ताद मान तिरकी करून, उजवा डोळा पुढे आणून ऐकत.

"यातलं इंजिन कुठलं?" त्यांनी विचारले.

"प्रोसेसर. म्हणजे तसं बघितलं तर चित्र तयार करतं ते ग्राफिक्स कार्ड."

"मग इंजिन ते?"

"दोन्ही, बाबा."

"दोन इंजिनांची गाडी मी कधी चालवली नाही," वस्ताद म्हणाले.

त्यात बाईंचे भाऊ आले. मामांना सगळ्यातले सगळे कळते. निदान त्यांना तसे वाटते. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "भाऊजी, एवढा विचार कसला करताय? डोळे झाकून सगळ्यात भारी असेल ते घ्या."

बाईंनी भावाकडे रोखून पाहिले. आपण काय बोललो ते मामांच्याही लक्षात आले असावे. कारण दुसऱ्याच आठवड्यात ते एक भले मोठे ग्राफिक्स कार्ड घेऊन हजर झाले. "माझ्याकडून," म्हणाले. ते कार्ड एखाद्या विटेसारखे जड होते. तोवर बबडीनेही स्वतःच्या पसंतीने, सगळे भाग जिच्यात बसवायचे ती काचेची एक देखणी, आटोपशीर पेटी मागवून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघेजण जमिनीवर बसले आणि कार्ड पेटीत घालू लागले. सरळ घालून पाहिले, तिरके घालून पाहिले. कार्ड पेटीपेक्षा लांब होते.

"मामा, मला विचारायचं तरी," बबडी म्हणाली.

"तू पेटी घेताना मला विचारलंस का?"

"आणि याला जेवढी वीज लागते तेवढी मी मागवलेल्या पॉवर सप्लायमधून मिळणारच नाही."

"मग तो बदल."

"सगळं मीच बदलू? हे नक्की कुणासाठी चाललंय?"

वस्ताद खुर्चीत बसून हे ऐकत होते. "तुम्ही दोघं ठरवा," ते शांतपणे म्हणाले. "मी मागच्या सीटवर बसतो." आणि ते उठून आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी पुन्हा ते 'हं'वर आले.

मी माझ्या जागेवरून आडव्या पडलेल्या त्या कार्डाकडे बघत राहिलो. इतके बलवान, इतके नवे, आणि त्याला ठेवायला जागा नाही. मला जागा होती, पण बळ नव्हते. यात काही अर्थ असेल तर तो मला सापडला नाही.

शेवटी असे ठरले की सगळे सामान उचलून कॉम्प्युटरच्या दुकानात जायचे आणि तिथेच काय तो निकाल लावायचा. 'सगळे सामान' म्हणजे कार्ड, काचेची पेटी आणि मी. मला का घेतले, ते कुणी सांगितले नाही. बबडीने मला चादरीत गुंडाळले आणि मामांच्या गाडीत बाईंच्या पायाशी ठेवले.

त्या दुकानाची मालकीण हसतमुख होती आणि सतत घाईत असे. तिने मला काउंटरच्या एका टोकाला ठेवले. भिंतीवर पडदेच पडदे होते आणि त्यांवर गाड्या, विमाने, लढाया चालल्या होत्या. बस चालवायची आहे असे कळल्यावर मालकिणीने एक जाड चष्मा काढला. तो डोळ्यांवर बांधला की आपण गेमच्या आतच बसलो आहोत असे वाटते म्हणे.

"काका, हा लावून तर बघा," तिने तो वस्तादांच्या डोक्यावर बांधला. "जवळचं जवळ आणि लांबचं लांब दिसतंय ना? हीच तर यातली गंमत आहे."

वस्तादांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग चष्मा काढून अलगद काउंटरवर ठेवला.

"भाऊजी, पट्टा सैल राहिला असेल," मामा म्हणाले.

"पट्टा घट्ट आहे," वस्ताद म्हणाले. "डोळा एकच आहे."

मालकिणीचा चेहरा पडला. "माफ करा काका, मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? चला, निघू या. मला काही नकोय."

ते दाराकडे वळले. बबडीच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि मामा उगाच कार्डाच्या खोक्यावरची अक्षरे वाचत होते. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या बाई बोलल्या.

"अहो, जरा थांबा. एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला नक्की काय करायचंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे सगळं कशासाठी? इतके दिवस घरात प्रोसेसर आणि कार्ड चाललंय. ही काय घ्यायचं ते सांगते, तो काय घ्यायचं ते सांगतो. तुम्हाला काय हवंय ते कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीही नाही विचारलं."

वस्ताद दारातच थांबले. ते भिंतीवरच्या एका साध्या पडद्याकडे बघू लागले. त्यावर एक रिकामा रस्ता धावत होता.

"मला गाडी चालवायची आहे," ते म्हणाले. मग परत आत आले. "त्या चष्म्याचा मला उपयोग नाही. पण हा पडदा बघ. हा सपाट आहे. यात जवळ-लांब कुणालाच दिसत नाही, दोन डोळ्यांच्या माणसालाही नाही. सगळ्यांनी अंदाजानंच चालवायचं. इथं मी कुणापेक्षा कमी नाही."

मग ते बोलतच राहिले.

"रस्ता अडखळायला नको. अडखळला की पायाला ब्रेक कळत नाही. दोन्ही आरसे मान न वळवता दिसायला हवेत, कारण डावीकडचं मला मान वळवूनच बघावं लागतं. आणि कंडक्टरशी बोलताना माझा आवाज त्याला नीट गेला पाहिजे. या आमच्या म्हाताऱ्यासारखी घरघर नको." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "बाकी त्यात कुठला भाग घालायचा तो घाला. दिवे नाही लागले तरी चालतील."

मालकीण काउंटरच्या मागून बाहेर आली आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "हे आधी सांगितलं असतंत, काका."

"मलाच आत्ता कळलं," वस्ताद म्हणाले.

त्यानंतर ज्या निवडीने घराला महिनाभर छळले होते, ती चहा गार व्हायच्या आत पार पडली. मामांचे कार्ड चांगलेच निघाले, ते तसेच ठेवले. गेमचे चित्र तयार करायचे आणि तेच चित्र त्याच वेळी बाहेर पाठवायचे, ही दोन्ही कामे ते न दमता करू शकणार होते. त्याच्यासाठी पेटी मात्र मोठी घेतली. मोठ्या पेटीत मोठे पंखे बसतात, आणि मोठे पंखे सावकाश फिरले तरी भागते, म्हणून आवाज कमी. बबडीने आपली काचेची पेटी मुकाट्याने परत केली. पॉवर सप्लाय जोरकस घेतला. प्रोसेसर मधला घेतला. तीन पडद्यांऐवजी एकच रुंद, किंचित वळलेला पडदा निवडला आणि वस्तादांनी समोर बसून दोन्ही आरसे दिसतात याची खात्री करून घेतली. मामा सगळ्यांना सांगत होते की कार्ड त्यांनी आणले आहे.

मग मालकिणीने माझ्या पाठीवर टिचकी मारली. "आणि हा? भंगारात काढायचा ना?"

"हो, त्यासाठीच आणलाय," बबडी म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा कुठे मला माझ्या प्रवासाचे कारण समजले.

बाईंनी माझ्यावर हात ठेवला. "तो परत येतोय."

"अगं आई, कशाला? ठेवायचा कुठे?"

"माहीत नाही. पण परत येतोय."

का, ते त्यांनाही माहीत नव्हते, तर मला कुठून कळणार? मी पुन्हा चादरीत गुंडाळला गेलो आणि त्यांच्या पायाशी बसून घरी आलो.

नवा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर बसला. मला शेजारच्या तिपाईवर जागा मिळाली. तो सुरू झाला तेव्हा मला काही ऐकूच आले नाही, इतका तो शांत होता. वस्तादांनी खुर्ची पुढे-मागे केली, आरसे पाहिले, आणि गाडी निघाली. झाडे अडखळली नाहीत. चढ आला तसा गेला. दूरच्या गावी कंडक्टरकाका फोनवर म्हणाले की सगळे स्वच्छ दिसते आहे आणि वस्ताद अजूनही वळणावर तसेच खाकरतात.

पण एक अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बघणारे लोक जे लिहीत, ते पडद्याच्या कडेला बारीक अक्षरांत उमटे. ते वाचायला वस्तादांना रस्त्यावरून नजर काढावी लागे. कंडक्टरकाकांनी काहीतरी लिहिले, वस्तादांनी तिकडे पाहिले आणि बस सरळ कठड्यावर आदळली. दोनदा असे झाले. वस्तादांनी हात मांडीवर ठेवले.

"चालवताना वाचता येत नाही मला," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं. ते काम त्याचं असायचं."

बबडी कामावर गेली होती. बाईंनी माझ्यासमोर खुर्ची ओढली, माझे बटण दाबले आणि मी नेहमीप्रमाणे कण्हत, वेळ घेत जागा झालो. त्यांनी चष्म्याच्या वरून बघत, एका बोटाने, लोकांचे लिहिणे जिथे उमटते ते पान माझ्यावर उघडले. अक्षरे मोठी केली. एवढे काम मला अजून जमत होते.

"चला," बाई म्हणाल्या. "मी वाचते. तुम्ही समोर बघा."

"काय लिहिलंय त्यानं?"

बाईंनी वाचले. त्यांच्या वर्गातल्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "टिंग टिंग."

वस्ताद हसले. ते हसतात हे मी विसरलोच होतो. त्यांनी गिअर टाकला.

आता रोज संध्याकाळी हे चालते. बघणारे फार नाहीत. डेपोतले काही जुने लोक, कंडक्टरकाका, आणि कुठून कुठून येणारे अनोळखी. कुणी चुकीचे शुद्धलेखन केले तर बाई आधी ते दुरुस्त करून सांगतात, मग वाचतात. लोक आता मुद्दाम चुका करतात असा मला संशय आहे. नवा कॉम्प्युटर कौतुकाचा धनी आहे, आणि ते त्याला शोभते. मी त्याचा कोण लागतो, हे मात्र मला कुणी सांगितलेले नाही. म्हातारा नोकर, थोरला भाऊ, की नुसताच सोबती?

गेल्या आठवड्यात बाई म्हणाल्या की हा फार हळू चालतो, याच्यात थोडी मेमरी घालू या. बबडी म्हणाली, मेमरी नको, डिस्क बदल. मामा म्हणाले, ताई, डिस्क कशाला, आख्खा नवाच घे. तेव्हापासून माझ्या पडद्यावर माझेच भाग शोधले जात आहेत आणि तज्ज्ञ पुन्हा भांडत आहेत. वस्ताद फक्त एवढेच म्हणाले की तिचा कॉम्प्युटर आहे, तिला विचारा. मी बाईंचा आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी कोपऱ्यात असेल. त्याच्यावरची चादर अधूनमधून काढा, जाळीत अडकलेली धूळ पुसा. नवे आणायचे असेल तर खुशाल आणा, आमची त्याला हरकत नसते. फक्त जुन्याचे काय करायचे ठरले आहे, ते एकदा त्याच्याजवळ उभे राहून मोठ्याने बोला. आम्हाला ऐकू येते. विचारता मात्र येत नाही.